सोनोमीटरवर विजेची वारंवारता ५३ हर्ट्झ का येते?

मुंबईतल्या आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एक तक्रार दर पावसाळी सत्रात न चुकता परत येते. सोनोमीटर या उपकरणावर ताणलेल्या तारेच्या कंपनांवरून विजेच्या पुरवठ्याची वारंवारता काढण्याचा प्रयोग पदवीच्या पहिल्या वर्षाला असतो. उत्तर ५० हर्ट्झ यायला हवे हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असते, आणि तरीही जुलै-ऑगस्टमधल्या तुकड्यांच्या वह्यांत ५२.८, ५३.३, ५३.६ असे आकडे दिसू लागतात. दिवाळीनंतरच्या तुकड्यांना तेच उपकरण पुन्हा ५०.५ च्या आसपास उत्तर देते. ‘सर, आज लाइटच तशी असेल’ हे स्पष्टीकरण मी इतक्या वेळा ऐकले आहे की आधी तेच निकालात काढतो.

पुरवठ्यात असा फरक पडत नाही. भारतीय विद्युत ग्रिड संहितेने वारंवारतेसाठी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा पट्टा आखून दिला आहे. ती त्याच्या बाहेर गेली तरी हर्ट्झच्या काही दशांशांनीच जाते. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याला जोडले गेल्यापासून सगळ्या देशाचा पुरवठा एकाच तालावर चालतो, म्हणजे अंधेरीत या क्षणी जी वारंवारता आहे तीच गुवाहाटीतही आहे. तीन हर्ट्झचा फरक खरोखर पडला असता तर देशभर वीज गेली असती आणि प्रात्यक्षिकाचा तासच रद्द झाला असता. दोष आपल्या टेबलावरच आहे.

आमच्याकडे पोलादी तार आणि विद्युतचुंबक अशी जोडणी आहे. तारेचे एक टोक लाकडी पेटीवरच्या खुंटीला बांधलेले, दुसरे कप्पीवरून खाली सोडून त्याला वजनांचा हँगर टांगलेला, आणि मध्ये दोन सरकत्या घोड्या, ज्यांना प्रयोगशाळेत सगळे ब्रिजच म्हणतात. उतरत्या दाबाच्या ट्रान्सफॉर्मरमधून विद्युतचुंबकाला एसी पुरवठा दिला की तो तारेला प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढतो, कारण चुंबकाचा ध्रुव उत्तर असो वा दक्षिण, पोलाद त्याच्याकडे ओढलेच जाते. म्हणून तार विजेच्या दुप्पट वारंवारतेने कंप पावते आणि हिशेबात शेवटी दोनने भागावे लागते. पितळी तारेतूनच वीज सोडून तिच्या मध्यावर नालाकृती चुंबक ठेवण्याची दुसरी पद्धत असते. तिथे बलाची दिशा प्रवाहाबरोबर उलटत असल्यामुळे तार थेट ५० नेच हलते आणि भागाकार करायचा नसतो. उत्तर १०० किंवा २५ आले असेल तर एवढेच पाहावे, पुढचे वाचण्याची गरज नाही.

सूत्र सर्वांना पाठ असते: तारेच्या कंपनांची वारंवारता म्हणजे ताण भागिले दर मीटरचे वस्तुमान यांचे वर्गमूळ, त्याला लांबीच्या दुपटीने भागलेले. आमची तार २५ गेजची, व्यास ०.५१ मिलिमीटर, म्हणजे मीटरला सुमारे १.६० ग्रॅम. हँगरसह एक किलो वजन टांगले तर दोन घोड्यांमधले अंतर ३९ सेंटिमीटरच्या जवळ असताना तार १०० हर्ट्झला अनुनादित व्हायला, म्हणजे सर्वांत जोराने कंप पावायला हवी. २ किलोला ५५.२ आणि ४ किलोला ७८.१ सेंटिमीटर. हे आकडे मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत नाही, कारण ते पाहून घोड्या सरकवणारे विद्यार्थी असतातच. पण शिकवणाऱ्याच्या खिशात ते असावेत.

बिघाड शोधताना पहिला प्रश्न चूक किती आहे हा नसून चूक कोणत्या बाजूला आहे हा असतो, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. कप्पी घट्ट झाली तर तारेत वजनाइतका ताण पोहोचत नाही, ताण कमी म्हणजे वारंवारता कमी, म्हणून उत्तर ५० पेक्षा कमी येईल असे जवळजवळ सगळेच सांगतात. प्रत्यक्षात उलटे होते. वारंवारता आपण निवडत नाही, ती वीज ठरवते. ताण कमी असला तर त्या ठरलेल्या १०० हर्ट्झशी जुळण्यासाठी तारेला आखूड व्हावे लागते. आपण ती आखूड लांबी मोजतो आणि सूत्रात मात्र हँगरवरचे पूर्ण वजन घालतो. छेद लहान, अंश फुगलेला, म्हणून उत्तर वर जाते. कप्पीने ताणाचा बारा टक्के भाग खाल्ला तर एक किलोला ३९ ऐवजी ३६.६ सेंटिमीटरवर अनुनाद मिळतो आणि हिशेब ५३.३ हर्ट्झ देतो. आमच्या वह्यांतला पावसाळी आकडा नेमका हाच आहे.

मुंबईची दमट हवा कप्पीच्या आसाला काय करते हे वेगळे सांगायला नको. आमच्या कप्प्या पितळी असल्या तरी आस लोखंडी आहेत, आणि उन्हाळी सुट्टीत बंद राहिलेली प्रयोगशाळा जूनमध्ये उघडते तोवर त्यांवर तांबूस थर चढलेला असतो. हाताने फिरवून पाहिल्यास कप्पी फिरते, त्यामुळे ती ठीक आहे असे वाटते. पण बोटाने फिरणे आणि काही ग्रॅम ताणाच्या फरकाला दाद देणे यांत पुष्कळ अंतर आहे.

आलेखाने हा दोष पकडला जाईल असे मलाही कित्येक वर्षे वाटत होते. लांबीचा वर्ग आणि वजन यांचा आलेख काढायचा, तो सरळ आणि मूळबिंदूतून जाणारा आला की प्रयोग शुद्ध, असे आम्ही शिकवत आलो. कप्पीचे घर्षण मात्र साधारणपणे वजनाच्या प्रमाणातच वाढते. एक किलोला बारा टक्के, चार किलोलाही बारा टक्के. त्यामुळे आलेख तितकाच सरळ येतो, मूळबिंदूतूनच जातो, फक्त त्याचा चढ कमी होतो, आणि चढ पाहून कुणाच्याच मनात शंका येत नाही. आलेख सरळ आहे म्हणून उपकरण निर्दोष आहे हा निष्कर्ष या प्रयोगात काढता येत नाही.

घर्षण पकडण्याची खात्रीची रीत दुसरी आहे आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. एक किलो टांगा. हँगर हाताने सेंटिमीटरभर वर उचलून हळूच सोडा, म्हणजे तार कप्पीवरून वजनाच्या दिशेने ओढली जाऊन थांबेल. आता अनुनादाची लांबी मोजा. मग हँगर किंचित खाली दाबून सोडा, म्हणजे तार उलट दिशेने मागे येऊन थांबेल; पुन्हा लांबी मोजा. कप्पी चांगली असेल तर दोन लांबींत काही मिलिमीटरांचाच फरक दिसतो. आमच्या तिसऱ्या टेबलावरच्या उपकरणाने गेल्या पावसाळ्यात पहिल्या वेळी ३६.६ आणि दुसऱ्या वेळी ४१.६ सेंटिमीटर दाखवले. पाच सेंटिमीटर! पहिल्या स्थितीत घर्षण वजनाच्या विरुद्ध होते, दुसऱ्या स्थितीत ते वजनाच्या बाजूने उभे राहिले. दोन्हींची सरासरी ३९.१, म्हणजे खऱ्या लांबीला लागूनच. दुरुस्तीला वेळ नसेल तर ही सरासरी त्या दिवसापुरता इलाज म्हणून चालते. प्रत्येक वाचनाआधी पेटीला हलकी टिचकी मारली तरी अडकलेली तार पुष्कळदा जागेवर येते.

कायमचा इलाज कप्पी काढून आस बारीक एमरी कागदाने घासणे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब देणे हाच आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी एका वर्षी आपुलकीने सगळ्या कप्प्यांना खोबरेल लावले होते. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी तेच तेल बाटलीत थिजते तसे आसावरही थिजले, त्यावर खडूची धूळ बसली आणि त्या सत्रात एरवी बरी असणारी हिवाळी तुकडीसुद्धा ५४ वर पोहोचली.

आता जे सांगणार आहे त्यामुळे हा मजकूर लिहावासा वाटला. गेल्या पावसाळ्यातच शेजारच्या चौथ्या टेबलावर दोन विद्यार्थिनींचे उत्तर ५०.४ आले. मी वहीवर सही केली, इतरांना त्यांची मांडणी पाहायला सांगितले, आणि कप्पीचा संशय फक्त तिसऱ्या टेबलापुरता ठेवला. पुढच्या आठवड्यात चौथ्या टेबलावरची तार तुटली, मामांनी नवी बांधली, आणि तिथेही उत्तर ५३.३ वर गेले. कप्पी तीच, वजने तीच. मग आधीचे ५०.४ कुठून आले?

जुनी तार कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. ती गंजलेली होती. नुसत्या नजरेने रंग थोडा मळकट, पण बोटांत धरून सरकवली तर बोट लाल व्हायचे. गंजाचा थर पोकळ आणि हलका असतो, त्यामुळे जाडी मोजण्याच्या स्क्रू गेजमध्ये व्यास वाढलेला दिसतो, तारेचे वस्तुमान मात्र तितके वाढत नाही. त्यात त्या स्क्रू गेजची शून्य त्रुटी, म्हणजे मध्ये काही नसताना दिसणारा आकडा, ०.०२ मिलिमीटर होती आणि ती वजा करायची राहिली होती. ०.५१ च्या जागी वहीत ०.५४ लिहिले गेले. व्यास हिशेबात छेदात बसतो, म्हणून व्यासातली सहा टक्के वाढ उत्तराला जवळपास तेवढीच खाली ओढते. कप्पीने उत्तर साडेसहा टक्के वर ढकलले, गंज आणि शून्य त्रुटी यांनी साडेपाच टक्के खाली आणले, आणि वहीत पाठ्यपुस्तकाला शोभेल असा ५०.४ उमटला. सगळ्यात वाईट अवस्थेतले उपकरण सगळ्यात चांगले उत्तर देत होते.

व्यास मोजण्यावर म्हणूनच माझा विश्वास उरलेला नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेवर ०.०१ मिलिमीटर लघुतम माप असलेले साधन चालवणे म्हणजे सुरुवातीलाच दोन टक्क्यांची अनिश्चितता पदरात घेणे. त्यापेक्षा त्याच गुंडाळीतली बरोबर एक मीटर तार कापून मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर तोलावी. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असा तराजू असतो, आणि सौजन्याने मागितला तर वापरायला मिळतोही. वर्गमूळामुळे वस्तुमानातली अर्धी चूकच उत्तरात उतरते, ही आणखी एक सोय. धातूची घनता पुस्तकातून घेण्याची गरजही मग राहत नाही. पितळाच्या बाबतीत तर घनता मिश्रणाप्रमाणे बदलते, त्यामुळे तिथे तोलण्याला पर्यायच नाही.

पुडक्यावरच्या गेजच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. एका वर्षी नागदेवीच्या बाजारातल्या एका दुकानातून २५ गेज म्हणून आणलेली तार प्रत्यक्षात २६ गेजची निघाली. दोन्हींच्या व्यासांत ०.५१ आणि ०.४६ मिलिमीटर इतकाच फरक आहे, डोळ्यांना तो कळत नाही. पण पुडक्यावरचा आकडा घेऊन हिशेब करणाऱ्या सगळ्या तुकडीचे उत्तर ४५ आले, आणि आम्ही चार दिवस विद्युतचुंबकात दोष शोधत बसलो.

उत्तर ५० च्या खाली येण्याची आणखी दोन कारणे नेहमीची आहेत. हँगरचे स्वतःचे वजन विसरले जाते. आमचा हँगर अर्ध्या किलोचा आहे, आणि त्याला शून्य समजून हिशेब केला तर कमी वजनांना उत्तर फारच खाली जाते व जसजशी वजने वाढतात तसे सावकाश वर येते. हा दोष मात्र आलेख लपवत नाही. रेषा सरळच येते पण मूळबिंदूतून न जाता वजनाच्या अक्षाला उणे बाजूला छेदते, आणि छेदते तिथला आकडा म्हणजे विसरलेला अर्धा किलो. दुसरे कारण लांबी कुठून मोजली याचे. घोडीचा तळ रुंद असतो आणि तार टेकते ती तिच्या वरच्या धारेवर. पण पट्टी खाली पेटीला चिकटवलेली असल्यामुळे विद्यार्थी तळाच्या बाहेरच्या कडेपासून मोजतात. दोन्हीकडचे मिळून चार-पाच मिलिमीटर सहज वाढतात. ही चूक लांबीच्या वर्गाच्या आलेखात धूसर दिसते. त्याऐवजी लांबी आणि वजनाचे वर्गमूळ यांचा आलेख काढला तर रेषा लांबीच्या अक्षावर थेट तेवढ्या मिलिमीटरांवर छेदते.

नादकाटा (ठरलेल्या वारंवारतेने वाजणारा काटा) वापरून लांबीचा नियम पडताळताना हीच चूक आणखी उघड होते, कारण तिथे लांबी कमी असतात. वरच्याच तारेला ४ किलो लावले तर २५६ हर्ट्झच्या नादकाट्याला सुमारे ३०.५ आणि ५१२ च्या नादकाट्याला त्याच्या निम्मी, १५.३ सेंटिमीटर लांबी लागते. चार मिलिमीटरची तीच चूक पहिल्या लांबीत सव्वा टक्का आणि दुसऱ्या लांबीत अडीच टक्के होते. वारंवारता आणि लांबी यांचा गुणाकार स्थिर राहण्याऐवजी नादकाटा चढा होत जाईल तसा वाढत गेला, तर आधी घोडीची कड पाहावी.

घोडीबद्दल थोडे विषयांतर. झिजून बोथट झालेल्या घोडीवर तार एका बिंदूत न टेकता थोड्या रुंदीवर टेकते, आणि कंपन होताना तिचा टेकण्याचा बिंदू मागे-पुढे होत राहतो. तंबोऱ्याचे कारागीर रुंद घोडीवर नेमकी हीच करामत घडवून आणतात, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, आणि स्वरात ती झणझण उतरते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्याच्या अशा घोड्यांवर लिहिले तेही साध्या तारेच्या नियमांत न बसणारे स्वर तिथून निघतात म्हणूनच. मैफलीत जवारी हवी, सोनोमीटरवर नको. प्रयोगाच्या तारेतून झणझण ऐकू आली तर घोडीची धार कानशीने पुन्हा तीक्ष्ण करून घ्यावी.

अनुनाद ओळखण्याच्या कृतीतही दोन खाचा आहेत. तारेच्या मध्यावर दुमडून ठेवलेला कागदाचा चिमुकला तुकडा, म्हणजे रायडर, उडाला की अनुनाद झाला असे मानतात. रायडर साध्या वहीच्या कागदाचा, सेंटिमीटरभर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद असला तर त्याचे वजन सुमारे दोन मिलिग्रॅम भरते आणि त्याचा परिणाम दुर्लक्ष करण्याजोगा असतो. पण डोक्यावर पंखा गरगरत असतो, हलका रायडर सारखा उडतो, आणि वैतागून कोणीतरी जर्नलच्या पुठ्ठ्याचा मोठा रायडर कापते. तो वीस-पंचवीस मिलिग्रॅमचा झाला तर ३९ सेंटिमीटर तारेच्या वस्तुमानाच्या तीन-चार टक्के होतो. तोही मध्यावर, जिथे कंपन सर्वांत मोठे असते. तार त्याने मंदावते, लांबी आखूड येते, उत्तर ५२ च्या आसपास जाते. पंखा दोन मिनिटे बंद करावा. ऑक्टोबरमध्ये हे सांगणे जिवावर येते, पण दुसरा उपाय नाही.

दुसरी खाच कंपविस्ताराची. कंपने जितकी मोठी तितकी तार जास्त ताणली जाते, आणि हा वाढीव ताण कंपविस्ताराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विद्युतचुंबकाला भरपूर प्रवाह देऊन तार पाच मिलिमीटर फुगवली आणि लांबी हळूहळू वाढवत नेली, तर अनुनाद खऱ्या जागेच्या पुढेही टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. उलट दिशेने येताना तो वेगळ्याच लांबीवर सापडतो. अशा वेळी दोन्ही बाजूंनी येऊन मोजलेली वाचने जुळत नाहीत आणि त्याचाही आळ कप्पीवर जातो. प्रवाह कमी करून कंपने जेमतेम मिलिमीटरभर दिसतील एवढीच ठेवल्यावर फरक नाहीसा झाला तर कप्पी निर्दोष. फरक तसाच राहिला तर कप्पीच.

लांबी शोधताना घोड्या जवळ ठेवून सुरुवात करावी आणि हळूहळू दूर न्याव्यात, म्हणजे मिळणारा पहिला अनुनाद मूळ कंपनाचाच असतो. दुप्पट लांबीवरही तार दोन फुगीर भागांत कंप पावू शकते. पण तेव्हा मध्यावर निस्पंद, म्हणजे न हलणारा, बिंदू असल्यामुळे तिथला रायडर जागेवर बसून राहतो आणि चतुर्थांशावरचा उडतो. दोन्ही घोड्या सारख्या अंतराने सरकवाव्यात आणि विद्युतचुंबक दर वेळी नव्या मध्यावर आणावा.

गुरुत्वीय त्वरणाची चिंता करणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतो. मुंबईत ते सुमारे ९.७९ आहे, ९.८ घेतल्याने उत्तरात हर्ट्झच्या काही शतांशांचा फरक पडतो. तेवढ्यासाठी वेळ घालवू नये.

चौथ्या टेबलाची कप्पी आम्ही गणपतीच्या सुट्टीआधी उघडली, आस घासला, नव्या तारेतला एक मीटर तोलून १.६०४ ग्रॅम हा आकडा पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिला, आणि उरलेली गुंडाळी तेलकट कागदात बांधून कपाटात ठेवली. सुट्टीनंतर त्याच दोघींनी प्रयोग पुन्हा केला. एक किलोला हँगर उचलून सोडल्यावर ३८.७ आणि दाबून सोडल्यावर ३९.३ सेंटिमीटर मिळाले, म्हणजे सरासरीने ५०.१ हर्ट्झ. आधीच्या ५०.४ वरची माझी सही वहीत तशीच होती. ती रद्द करून खाली नवी करावी का, असे त्यांनी विचारले. मी रद्द करू दिली नाही, शेजारी फक्त तारीख आणि ‘गंजलेली तार, घट्ट कप्पी’ एवढे लिहायला सांगितले.